नवा पत्ता वहीत टिकत नाही तेव्हा

ज्या व्यासपीठावर वेदान्तापासून अर्थसंकल्पापर्यंत सर्व विषयांची चर्चा होते, तेथे पत्त्यांच्या वहीवर बोलावे हे काही श्रोत्यांना किरकोळ वाटेल. परंतु लहान वस्तू बिघडली म्हणजेच तिच्यावर आपले किती अडून होते ते कळते. संगणकावर टपाल पाहणारा गृहस्थ एखाद्या नव्या स्नेह्याचा पत्ता वहीत लिहितो, कळ दाबतो, आणि दुसऱ्या दिवशी पाहतो तो त्या नावाचा मागमूस नाही. तो पुन्हा लिहितो, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेस तो एक तर यंत्राला दोष देतो, नाही तर आपल्या वयाला. आमच्या मते हे दोन्ही दोषारोप अन्यायाचे आहेत. या घटनेमागे कारणे असतात, ती मोजकी असतात, आणि योग्य क्रमाने प्रश्न विचारले तर त्यांतली बहुतेक घरबसल्या सापडतात. तो क्रम कोणता, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम या पत्त्याचे महत्त्व पाहू. कागदी पत्रावरचा पत्ता थोडा चुकला तरी पोस्टमन सांभाळून घेई. 'मारुतीच्या देवळामागे, जोशी यांचा वाडा' एवढ्यावरही पत्र पोचल्याची उदाहरणे गावोगाव मिळतील. संगणकीय टपालात असा जाणता पोस्टमन नाही. रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने 1971 साली अर्पानेट या जाळ्यावर एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर निरोप पाठवला, तेव्हा माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये 'ॲट'ची खूण घालण्याची रीत त्याने पाडली. ती रीत आजतागायत चालू आहे. खुणेच्या अलीकडे माणूस, पलीकडे ठिकाण. यात एक अक्षर कमीअधिक झाले की पत्र परत येते, किंवा त्याहून वाईट म्हणजे निमूटपणे कोणा परक्याच्या हाती पडते. असला पत्ता कोणी पाठ करीत नाही. तो वहीवर सोपवतो. आणि एकदा सोपवला की आपल्या स्मरणातून तो जातो. म्हणून वहीतून पत्ता गेला तर कित्येकदा माणूसच हातचा जातो.

आता विवेचन नेमके व्हावे म्हणून आपण एकच कार्यक्रम डोळ्यांसमोर ठेवू. थंडरबर्ड हा मोझिलाच्या परिवारातला टपालाचा कार्यक्रम. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती 2004 च्या डिसेंबरात निघाली. तो विनामूल्य मिळतो आणि त्याची रचना सर्वांना पाहण्यास खुली आहे. त्यामुळे त्याच्या वहीत काय चालते ते तर्काने नव्हे, माहितीने सांगता येते. दुसरा कार्यक्रम वापरणाऱ्यांनीही निराश होऊ नये. कळांची नावे बदलतील, प्रश्न तेच राहतील.

मूळ गोष्ट समजली की पुढचे सोपे होते. कागदाच्या वहीत लिहिणे आणि जतन होणे ही एकच क्रिया असते. शाई कागदाला लागली की काम झाले. यंत्रात या दोन क्रिया निरनिराळ्या आहेत. आपण लिहिलेले नाव प्रथम पडद्यावर दिसते. तेथून ते कार्यक्रमाच्या तात्पुरत्या स्मृतीत जाते. ही स्मृती वीज आहे तोवरच टिकते. त्यानंतर ते तबकडीवरच्या फायलीत उतरते, तेव्हा कुठे ते जतन झाले. आपल्या व्यापारी पेढ्यांवर जशी किर्द आणि खतावणी असे, तसाच हा प्रकार. किंबहुना थंडरबर्डची आजची वही ज्या एसक्यूलाइट पद्धतीने लिहिली जाते, तिच्या एका प्रकारात नवी नोंद आधी शेजारच्या लहान फायलीत होते आणि सवडीने मुख्य फायलीत चढते. पेढीवरच्या मुनिमाने हीच शिस्त पाळली. पडद्यावर दिसले म्हणजे जतन झाले, असे समजणे म्हणजे मुनिमाने तोंडाने 'लिहितो' म्हटले एवढ्यावर खाते पुरे झाले असे समजण्यासारखे आहे.

यावरून पहिला प्रश्न निघतो, आणि तोच सर्वांत उपयोगी आहे. नाव नाहीसे झाले खरे, पण नेमके केव्हा? यासाठी एक सोपी परीक्षा करावी. सहज ओळखता येईल असे एखादे खोटे नाव आणि खोटा पत्ता वहीत लिहावा. कळ दाबून लगेच पाहावे. मग कार्यक्रम पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा आणि पाहावे. त्यानंतर तासाभराने पाहावे. शेवटी नवे पत्र लिहावयास घेऊन त्या नावाची पहिली अक्षरे लिहावीत आणि ते सुचवले जाते का ते पाहावे. नाव कोणत्या पायरीवर हरवते, यावर पुढचा सगळा शोध अवलंबून आहे. वैद्य जसा ताप केव्हा चढतो हे आधी विचारतो, तसेच हे.

सर्वांत वारंवार आढळणारा प्रकार असा की नाव जतन झालेले असते, परंतु आपण ते भलत्या ठिकाणी शोधत असतो. थंडरबर्डमध्ये वही एक नसते. निदान दोन असतात. एकीचे नाव 'पर्सनल ॲड्रेस बुक', दुसरीचे 'कलेक्टेड ॲड्रेसेस'. आपण ज्यांना पत्रे पाठवतो त्यांचे पत्ते, तशी योजना असल्यास, आपोआप दुसरीत जमा होतात. आपण पहिली उघडून बसतो आणि नाव नाही म्हणून हळहळतो. यावर उपाय म्हणजे डाव्या बाजूस सर्व वह्या एकत्र दाखवणारी ओळ निवडून मग शोधणे. दुसरी फसगत शोधाच्या चौकटीची. तीत आधीचे एखादे अक्षर राहून गेले असेल, तर त्या अक्षराशी जुळणारी नावेच दिसतात. नवे नाव असूनही झाकलेले राहते. तिसरी गोष्ट क्रमाची. आपण आडनावाने शोधतो आणि यादी पहिल्या नावाने लावलेली असते. ही तीनही कारणे इतकी साधी आहेत की ती तपासण्याचा कित्येकांना कमीपणा वाटतो. तो वाटू देऊ नये. घरात चष्मा शोधताना आपण कपाळ चाचपतोच की!

याच जातीचा आणखी एक प्रकार आहे. नाव वहीत आहे, सर्वांना दिसते आहे, पण पत्र लिहिताना सुचवले जात नाही. येथे वही निर्दोष असते. पत्ते सुचवताना संगणकावरच्या वह्या पाहाव्यात की नाही, याचा एक स्वतंत्र पर्याय पत्रलेखनाच्या योजनांमध्ये असतो. तो बंद झालेला असल्यास वही भरलेली असूनही मुकी राहते. तो पर्याय चालू केला की काम भागते.

दुसरा प्रश्न मालकीचा: ही वही कोणाची? आपल्या संगणकावर दिसणारी प्रत्येक वही आपल्या संगणकावर असतेच असे नाही. मोठ्या कचेऱ्यांत व महाविद्यालयांत सर्व कर्मचाऱ्यांची एक सामाईक यादी दूरच्या यंत्रावर ठेवलेली असते आणि एलडॅप नावाच्या पद्धतीने ती आपल्याला दाखवली जाते. थंडरबर्डमध्ये अशी यादी केवळ वाचण्यासाठी आहे. तीत नवे नाव लिहू पाहणे म्हणजे ग्रंथालयाच्या सूचिपत्रात आपल्या घरच्या पुस्तकाचे कार्ड घालण्यासारखे होय. तेथे नकार मिळतो तो बिघाडामुळे नव्हे, नियमामुळे. अशा वेळी आपल्या स्वतःच्या वहीत नाव लिहावे, झाले.

आजकाल दुसरीही एक दूरस्थ वही प्रचारात आहे. फोनवरचे आणि संगणकावरचे पत्ते एकच असावेत म्हणून ते सेवा पुरवणाऱ्याच्या यंत्रावर ठेवतात आणि कार्डडॅव्ह नावाच्या पद्धतीने दोन्हीकडे उतरवून घेतात. या पद्धतीचे नियम 2011 साली ठरले आणि थंडरबर्डमध्ये ती सोय 2021 च्या आवृत्तीत आली. येथे खरी वही दूर असते. आपल्याकडे असते ती नक्कल. आपण लिहिलेले नाव दूरच्या यंत्राने स्वीकारले नाही, तर पुढच्या मेळाच्या वेळी नक्कल मूळ वहीसारखी होते आणि आपले नाव जाते. नाव लगेच दिसले, पण काही वेळाने आपोआप गेले, असे परीक्षेत आढळले तर संशय येथेच घ्यावा. परवलीचा शब्द बदलला आहे काय? खाते जोडताना पत्ते पाहण्याची व बदलण्याची परवानगी दिली होती काय? त्या वहीच्या गुणधर्मात 'केवळ वाचन' अशी खूण तर पडलेली नाही ना? याची उत्तरे मिळाली की बहुधा मार्ग मोकळा होतो. खात्री करण्याचा सोपा उपाय असा: तेच खोटे नाव सेवा पुरवणाऱ्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन लिहावे. तेथून ते खाली उतरले आणि येथून वर मात्र जाईना, तर दोष परवानगीत आहे असे धरून चालावे.

तिसरा प्रश्न जागेचा आणि परवानगीचा. वही आपल्याच संगणकावर आहे, नाव दिसलेही, पण कार्यक्रम बंद करून उघडताच गेले. किंवा कळ दाबूनही काहीच घडले नाही. अशा वेळी तबकडीवर लिहिण्यात अडथळा आहे असा तर्क करावा. थंडरबर्ड आपले सर्व दप्तर 'प्रोफाइल' नावाच्या एका फोल्डरमध्ये ठेवतो. मदतीच्या यादीत समस्यानिवारणाची माहिती देणारे पान आहे. त्यावरून हा फोल्डर थेट उघडता येतो. तेथे चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, तबकडीवर जागा शिल्लक आहे काय? पूर्ण भरलेल्या तबकडीवर पत्त्याची एक ओळही मावत नाही. छायाचित्रे आणि चित्रफिती यांनी जागा व्यापली असेल, तर दंड मात्र वहीला बसतो. दुसरी, त्या फायलींवर 'केवळ वाचन' ही खूण आहे काय? जुन्या संगणकावरून किंवा राखून ठेवलेल्या सीडीवरून दप्तर नव्या यंत्रावर आणले असता ही खूण कधी कधी सोबत येते. ती काढून टाकली की काम सुरळीत होते. तिसरी, फायलींचा मालक कोण? लिनक्स वापरणाऱ्यांनी एखादे वेळी प्रशासकाच्या अधिकाराने कार्यक्रम चालवला असेल, तर त्या वेळी निर्माण झालेल्या फायली प्रशासकाच्या नावावर राहतात आणि मग साध्या वापरकर्त्याला त्यांत लिहिता येत नाही. मालकी परत आपल्या नावावर करावी लागते. चौथी, त्याच वेळी दुसरे कोणी ती फाइल धरून बसले आहे काय? विषाणू शोधणारा कार्यक्रम, नकला करणारा कार्यक्रम, किंवा बंद झालासे वाटूनही आत चालूच राहिलेला थंडरबर्ड, यांपैकी कोणीही हा अडथळा करू शकतो. संगणक एकदा पूर्ण बंद करून पुन्हा चालू करणे हा उपाय हास्यास्पद वाटतो, पण अशा अडवणुकीवर तो खरोखरच लागू पडतो, आणि का पडतो हे आता स्पष्ट झाले असेल.

यापुढे जोडकार्यक्रमांचा विचार करावा. थंडरबर्डला बाहेरून नाना सोयी जोडता येतात. त्यांपैकी काही वहीतही हात घालतात. कार्यक्रमाची आवृत्ती बदलली आणि जोडलेली सोय जुनीच राहिली, म्हणजे दोघांचे जमत नाही. यासाठी 'ट्रबलशूट मोड' नावाची एक व्यवस्था आहे. पूर्वी तिला 'सेफ मोड' म्हणत. तीत सर्व जोडसोयी बाजूला ठेवून कार्यक्रम चालतो. अशा रीतीने उघडल्यावर नाव टिकले, तर अपराधी जोडसोयींपैकीच कोणी आहे. मग त्या एकेक करून चालू कराव्यात. अपराधी आपोआप सापडतो.

चौथा आणि शेवटचा प्रश्न: वहीची फाइलच बिघडली आहे काय? येथे थोडा इतिहास कामास येईल. कित्येक वर्षे थंडरबर्डची वही मॉर्क नावाच्या, नेटस्केपच्या काळापासून चालत आलेल्या पद्धतीने लिहिली जाई. फाइलचे नाव 'एबुक' आणि पुढे 'मॅब' ही शेपटी. 2020 साली आलेल्या 78 क्रमांकाच्या आवृत्तीपासून वही एसक्यूलाइट पद्धतीत गेली. त्या स्थलांतरात जुनी फाइल टाकून दिली गेली नाही. नावापुढे 'बॅक' जोडून ती तशीच ठेवली गेली. जुन्या आवृत्त्यांतही वही वाचता आली नाही तर कार्यक्रम नवी कोरी वही उघडी आणि बिघडलेली याच नावाने बाजूला ठेवी. म्हणून वही अचानक रिकामी दिसली तर धीर सोडू नये. बहुधा जुनी वही त्याच फोल्डरमध्ये शेजारीच पडलेली असते.

बिघाडाची परीक्षा अशी करावी. कार्यक्रमात एक नवी वही निर्माण करावी आणि खोटे नाव तीत लिहावे. नव्या वहीत टिकले आणि जुन्या वहीत टिकले नाही, तर जुनी फाइल बिघडली आहे. मग जुन्या वहीतली जी नावे वाचता येतात ती बाहेर काढून नव्या वहीत आणावीत आणि पुढे तीच वापरावी. नव्या वहीतही टिकले नाही, तर दोष वहीचा नसून फोल्डरचा किंवा कार्यक्रमाचा आहे; तिसऱ्या प्रश्नाकडे परत जावे.

नावे बाहेर काढताना आपल्या मराठी माणसाने एक खबरदारी घ्यावी. आपण नावे देवनागरीत लिहितो आणि ते योग्यच आहे. परंतु कोष्टकाच्या रूपाने यादी काढून ती दुसऱ्या कार्यक्रमात उघडली, की कित्येकदा 'सुमन'च्या जागी प्रश्नचिन्हे किंवा अगम्य अक्षरे उमटतात. याचे कारण असे की, अक्षरे साठवण्याचे संकेत अनेक आहेत आणि दोन्ही कार्यक्रमांनी वेगवेगळे संकेत धरलेले असतात. युनिकोडमध्ये देवनागरीला 1991 च्या पहिल्या आवृत्तीपासून जागा आहे, आणि युटीएफ-8 या संकेताने ती नीट साठवता येते. म्हणून संकेत निवडण्याचा पर्याय दिसेल तेथे युटीएफ-8 निवडावा; आणि शक्य असेल तेथे कोष्टकाऐवजी 'व्हीकार्ड' या रूपात यादी काढावी. बिघडलेली अक्षरे तशीच जतन केली, तर मूळ नाव परत मिळवणे अवघड होते. म्हणून यादी काढल्याबरोबर ती उघडून पाहावी.

आता या सर्व विवेचनाचे मर्म. वही बिघडली म्हणून दुरुस्तीच्या दुकानी गेले असता कित्येकांना एकच सल्ला मिळतो: सगळे पुसून नव्याने घालावे लागेल. हा सल्ला देणारा दुष्ट नसतो. त्याला वेळ कमी असतो आणि या उपायाने यंत्र चालू लागते हे खरे आहे. परंतु नवे एक नाव टिकत नाही म्हणून जुनी चारशे नावे घालवायची, हा कोणता हिशेब? त्या चारशेत परदेशी गेलेला भाचा असतो. वर्गातली मैत्रीण असते, जिचे आडनाव बदलले आणि जिचा फोन क्रमांक कोणाकडेच नाही. मंडळाच्या चिटणिसाच्या वहीत तीस वर्षांचे वर्गणीदार असतात. संगणक नवा मिळतो. हे पत्ते बाजारात मिळत नाहीत. दुकानदाराला वहीतले कोण मोलाचे हे ठाऊक नसते. ते आपल्यालाच ठाऊक असते, म्हणून राखण्याची जबाबदारीही आपली.

यासाठी उपायाआधी नक्कल, हा नियम प्रत्येकाने मनाशी पक्का करावा. कोणतीही दुरुस्ती करण्यापूर्वी थंडरबर्ड पूर्ण बंद करावा आणि मग प्रोफाइलचा सबंध फोल्डर दुसऱ्या तबकडीवर उतरवून ठेवावा. बंद करून, हे महत्त्वाचे. कार्यक्रम चालू असताना एकटी मुख्य फाइल उचलली, तर किर्दीत असलेल्या पण खतावणीत न चढलेल्या नोंदी मागे राहतात. नक्कल हाती असली म्हणजे मग खुशाल प्रयोग करावेत. चुकले तरी मूळ जागी परतता येते. नक्कल नसताना केलेला उपाय हा उपाय नव्हे, जुगार होय.

शेवटी रोजच्या वागणुकीतली एक सूचना. महिन्यातून एक दिवस ठरवावा. किराण्याचा किंवा दुधाचा हिशेब करण्याचा दिवस असला तरी चालेल. त्या दिवशी वहीची व्हीकार्ड रूपात एक प्रत काढून वेगळ्या ठिकाणी ठेवावी. आणि ज्या दहा-वीस माणसांशी संबंध तुटला तर आपल्याला चैन पडणार नाही, त्यांचे पत्ते एका साध्या कागदी वहीत स्वहस्ते लिहून ठेवावेत. यंत्रावरचा अविश्वास म्हणून हे सांगत नाही. यंत्र ही उत्तम सोय आहे आणि तिचा लाभ प्रत्येकाने घ्यावा. पण ते दहा-वीस पत्ते लिहावयास बसले असता त्यांतल्या किती जणांना वर्षभरात आपण एक ओळही पाठवली नाही, हेही ध्यानात येते. त्याच बैठकीत त्यांतल्या एकाला तरी पत्र लिहून टाकावे.